शिक्षिका व्हायचंय? आधी मुलाचं वय ठरवा, मग कोर्स

बारावीचा निकाल लागला की ठाणे-डोंबिवलीच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. लहान मुलांची शिक्षिका व्हायचं तर डी.एड. करू की बी.एड.? शेजारच्या काकू म्हणतात बी.एड. कर, त्याला मान आहे. मामा म्हणतात डी.एड.वाले किती वर्षं नुसते भरतीची वाट बघत बसले होते, विसरलीस का. आणि स्टेशनबाहेरच्या फलकावर कुणीतरी सहा महिन्यांत 'नर्सरी टीचर' करून द्यायला तयारच असतं. तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण तिघंही चुकीच्या टोकापासून सुरुवात करतायत.

कोर्सचं नाव हा यातला शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तुम्हाला किती वर्षांच्या मुलांबरोबर दिवस काढायचाय? तीन वर्षांच्या, की आठ वर्षांच्या? आणि दुसरा, शाळा कोणाची? जिल्हा परिषदेची, महापालिकेची, अनुदानित संस्थेची की पूर्ण खाजगी? या दोन उत्तरांवर पदविका, परीक्षा, पगार आणि रोज कुठली लोकल पकडायची हेसुद्धा ठरतं. (लेखात मी 'शिक्षिका' म्हणतेय ते सवयीने. मुलग्यांना यातलं सगळं जसंच्या तसं लागू आहे, एका अंगणवाडीचा अपवाद सोडून.)

सहाव्या वर्षाची रेघ

आपल्याकडे सगळा गोंधळ एका रेघेमुळे आहे. ती रेघ मुलाच्या सहाव्या वाढदिवसावर ओढलेली आहे.

राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख होता. खालची वयोमर्यादा नव्हती, पण ते होतं मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं आणि शिक्षण मूलभूत हक्क झाला. मात्र सहा ते चौदा या वयासाठीच. सहाच्या आतली मुलं 'राज्याने प्रयत्न करावा' या यादीतच राहिली. त्या हक्कावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा उभा राहिला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कायदाच सहाव्या वर्षी सुरू होतो, म्हणून शिक्षकाची किमान पात्रता, तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण, वर्षातले कामाचे दिवस, सगळं काटेकोरपणे बांधलंय ते पहिलीपासून पुढे. तीन ते सहा वयासाठी सरकारने आवश्यक ती व्यवस्था करावी, एवढ्यावर कायदा थांबतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही रेघ कागदावर पुसली. तीन ते आठ वर्षं हा एकच 'पायाभूत स्तर' धरला: बालवाडीची तीन वर्षं आणि त्याला जोडून पहिली-दुसरी. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, कारण सहावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल वेगळ्या पद्धतीने विचार करायला लागत नाही. पण खाती अजून दोनच आहेत. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर चालणारा प्लेग्रुप तर वर्षानुवर्षं दोन्हींच्या नजरेआड राहिला. तुमच्या वाटेचे नियम यातल्या कुठल्या खान्यात तुम्ही जाताय त्यावर बदलतात.

पहिली ते पाचवीची वाट

डी.एड., डी.टी.एड., डी.एल.एड. ही तीन वेगळी शिक्षणं नाहीत. जुने लोक डी.एड. म्हणतात, मधल्या काळात डी.टी.एड. झालं, आता कागदोपत्री डी.एल.एड. आहे. बारावीनंतरची ही दोन वर्षांची पदविका. बारावीला साधारण पन्नास टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे, आणि अभ्यासक्रम व केंद्रीय प्रवेशाचं काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बघते. बहुतेक जिल्ह्यांत एक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते, तिला सगळे 'डायट' म्हणतात. ठाण्याची डायट बदलापूरजवळ राहटोलीला आहे.

आता बी.एड.चं. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवी शिकवायची मुभा दिली. अट एवढीच की नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा मोडीत काढली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, बी.एड.चा अभ्यासक्रम मोठ्या वर्गांसाठी बांधलेला आहे, आणि प्राथमिक शिक्षणाचा हक्क म्हणजे चांगल्या प्रतीच्या शिक्षणाचा हक्क. निकालाआधी नेमणूक झालेल्यांना नंतर दिलासा मिळाला, पण नव्याने येणाऱ्यांसाठी दार बंद झालं. म्हणजे काकूंचा सल्ला सहावीपासून पुढे शिकवायचं असेल तर ठीक. पहिलीला शिकवायचं असेल तर बी.एड. ही जास्तीची पदवी म्हणून असू दे, डी.एल.एड.ची जागा ती घेत नाही. खाजगी शाळांच्या जाहिरातींत प्राथमिकसाठी 'बी.एड. हवे' असं अजूनही छापून येतं. नोकरी मिळेलही, पण ती कुठल्या पायावर उभी आहे हे माहीत असू द्या.

पदविका हातात आली की पुढे दोन परीक्षा आहेत, आणि त्यांची नावं एकाच माणसाने मुद्दाम ठेवल्यासारखी आहेत: टीईटी आणि टेट.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पाच भाग, प्रत्येकी तीस गुणांचे: बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. साठ टक्के मिळाले की पास. राखीव प्रवर्गाला पंचावन्न. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, आणि निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो. केंद्राची सीटीईटी पास असाल तरी चालतं. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांनी बाद व्हायचं, २०२१ पासून ते कायमचं झालं.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे गुणांची, संगणकावर, दोन तासांत. इथे पास-नापास नाही, गुणवत्ता यादीत तुमचा नंबर कितवा एवढाच प्रश्न. टीईटी विचारते की तुम्ही शिक्षक होऊ शकता का. टेट विचारते की रांगेत तुम्ही कुठे उभे आहात. ती पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, मग थेट २०२३ मध्ये, नंतर २०२५ मध्ये. दोन परीक्षांमधलं हे अंतर पाहिलंत की मामा का कुरकुरतात ते कळेल. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षक भरती थांबली होती. त्याआधीच्या दहा वर्षांत गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली होती, आणि त्यांतून बाहेर पडलेल्यांना जागाच उरल्या नाहीत. बरीच विद्यालयं पुढे बंद पडली. आज प्रवेशाला पूर्वीची झुंबड नाही ती त्यामुळेच.

टेटचे गुण घेऊन 'पवित्र' पोर्टलवर जायचं. जिल्हा परिषदा, महापालिका आणि अनुदानित संस्थांच्या जागा तिथेच जाहीर होतात आणि तुम्ही पसंतीक्रम भरता. स्थानिक स्वराज्य संस्थांत मुलाखत नसते. खाजगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे. निवड झाली तर पहिली तीन वर्षं तुम्ही 'शिक्षण सेवक'. वेतन नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला ते कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपये होतं, २०२३ पासून १६,००० झालं. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी लागते आणि मग ही नोकरी खरोखर चांगल्या पगाराची होते.

ठाणे-नवी मुंबईच्या माणसाने इथे एक भूगोल नीट समजून घ्यावा. ठाणे महापालिका आणि नवी मुंबई महापालिका यांच्या शाळा वेगळ्या, आणि ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळा वेगळ्या. जिल्हा परिषद म्हटली की नेमणूक मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांतल्या गावांत. मुरबाडच्या आतल्या गावाला नौपाड्यातून रोज जाणं-येणं म्हणजे दिवसातले कितीतरी तास गाडीत. नवी मुंबईची तर आणखी एक गंमत आहे. ऐरोली-वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर-कामोठे-पनवेल रायगडात, आणि तिथे २०१६ पासून पनवेल महापालिका. पत्त्यावर सगळेच 'नवी मुंबई' लिहितात, शिक्षणाधिकारी मात्र वेगवेगळे. शिवाय पोर्टल राज्यभराचं असल्याने गुण थोडे कमी पडले तर पसंतीक्रमातला नंदुरबार किंवा गडचिरोलीही पदरात पडू शकतो, आणि आंतरजिल्हा बदलीला वर्षं जातात. म्हणून पसंतीक्रम घरच्यांसोबत बसून भरा. तिथे 'बघू पुढे' चालत नाही.

एक इशारा. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण उघडकीला आलं, परीक्षा परिषदेच्या प्रमुखापर्यंत अटका झाल्या आणि हजारो उमेदवार अपात्र ठरले. 'आपला माणूस आहे आत' असं सांगणारा आजही भेटेल. त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि नोकरीत असलेल्यांनाही आता टीईटी चुकत नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचापेक्षा कमी वर्षं उरलेल्यांची नोकरी टिकते, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा आहेच. त्यामुळे वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई आता पुतणीकडून परिसर अभ्यासाचे प्रश्नसंच मागून घेतायत.

तीन ते सहाची वाट

इथे नियम कमी आणि पाट्या जास्त.

एनसीटीईच्या हिशेबाने पूर्वप्राथमिक शिक्षिकेला बारावी आणि किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक किंवा बालशिक्षणाची पदविका हवी. प्रत्यक्षात आपल्याकडच्या प्लेस्कूलांत सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे कोर्स केलेल्या बहुसंख्य, आणि कोर्सच न केलेल्याही पुष्कळ. 'ईसीसीएड' (बालसंगोपन व शिक्षण), 'एनटीटी' (नर्सरी टीचर ट्रेनिंग), 'मॉन्टेसरी' ही नावं सगळीकडे दिसतील. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लावू शकतं. त्यामुळे पाटी वाचून आतल्या शिक्षणाचा अंदाज बांधू नका. इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची एक वर्षाची पदविका घरी बसून करता येते आणि तिचं साहित्य चांगलं आहे, पण दोन वर्षांच्या अटीत ती बसत नाही. पगाराबद्दल स्पष्टच बोलते. खाजगी प्लेस्कूलमधला सुरुवातीचा पगार शिक्षण सेवकाच्या मानधनापेक्षाही कमी असतो, आणि फी किती घेतली जाते याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

दुसरं दार अंगणवाडीचं. सेविका व्हायला बारावी पास आणि त्याच गावची किंवा वस्तीची रहिवासी बाई असावी लागते. इथे बालशिक्षण हा कामाचा एक भाग. मुलांची वजनं, पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावणं, गरोदर बायकांच्या नोंदी हे सगळं तिच्याच गळ्यात. मिळतं ते मानधन.

ठाण्याच्या लोकांना बहुधा आठवत नाही, पण बालशिक्षणाचा हा सगळा विचार आपल्याच जिल्ह्यात वाढला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळं झालं ते २०१४ च्या १ ऑगस्टला. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडं साहित्य परवडेना तर बिया, पानं, शंख-शिंपले, माती वापरली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, ती या कामानंतर तीस वर्षांनी. आज प्लास्टिकच्या रंगीत खेळण्यांचं कपाट दाखवून फी सांगणाऱ्या शाळेत नोकरीला लागलात तरी हे ठाऊक असू द्या.

रेघेच्या दोन्ही बाजूंना चालणारी एक नवी पदवी आहे: आयटेप, म्हणजे चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम. बारावीनंतर एनसीईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन बी.ए. किंवा बी.एस्सी.सोबतच बी.एड. तो २०२३-२४ पासून सुरू झाला आणि त्यात 'पायाभूत स्तर' निवडता येतो. जागा फार थोड्या आहेत. पण धोरणाचा रोख चार वर्षांच्या पदवीकडेच आहे, म्हणून आत्ता दहावी-अकरावीत असलेल्यांनी याची चौकशी जरूर करावी.

प्रत्यक्षात शिकतात काय?

इथे मला थांबायचंय, कारण 'पहिलीला शिकवायला काय लागतं, क-ख-ग तर शिकवायचंय' हे वाक्य मी शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. वय जितकं लहान तितकं शिकवणं अवघड, कारण आपल्याला जे सहज येतं ते मुलाला का येत नाही हे आधी उलगडावं लागतं. ते उलगडणं हाच अभ्यास.

हात घ्या. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून कूर्चा आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत सातेक होतात. म्हणजे नर्सरीतल्या मुलाला चार रेघी वहीत 'अ' गिरवायला बसवणं हे त्या हाताच्या तयारीआधीचं काम आहे. त्या वयात मातीचे गोळे मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, चिमटीने डाळ-तांदूळ वेगळे करणं हाच लेखनाचा अभ्यास. शिक्षिकेला हे कळून भागत नाही. 'आमच्या शेजारचा चिंटू एबीसीडी लिहितो' म्हणणाऱ्या आईला ते न दुखावता समजावून सांगता आलं पाहिजे, आणि हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

मग संख्या. सहा चिंचोके एका ओळीत जवळजवळ मांडा आणि समोर सहा चिंचोके लांब लांब. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा कुठे जास्त आहेत. बहुतेक मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतील, दोन्ही ओळी मोजून दाखवल्या तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग. मूल मूर्ख नसतं. संख्या ही मांडणीवर अवलंबून नसते हे कळायला अनुभव लागतो. म्हणून एक ते शंभर घडाघडा म्हणणारं पोर पाहून हरखून जाऊ नये. ते आरती पाठ असण्यासारखं आहे, अर्थ कळलाय की नाही हे स्वतंत्रपणे बघावं लागतं.

मराठीत तर यात आणखी एक पेच आहे. एकवीस म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी. एकोणतीसचं नाव तिसावरून, पण आकडा सुरू होतो दोनाने. मुलं २९ च्या जागी ३९ लिहितात ते यामुळे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा विधिमंडळापासून मोबाइलपर्यंत थट्टेला ऊत आला. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की हे दशक-एकक समजायला सोपं जावं म्हणून आहे. पद्धत पटो न पटो, प्रश्न खरा होता, आणि तो पहिली-दुसरीच्या बाईंना रोज फळ्यावर भेटतो.

वाचनाचंही तसंच. सगळी बाराखडी संपेपर्यंत थांबायचं आणि मग शब्द वाचायचे, ही जुनी रीत. आता काही अक्षरं आणि एखादी मात्रा यांचा गट घेतात आणि लगेच शब्द बनवतात. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर कमल, काम, रमा, माल, काका, मामा वाचता येतात. पहिल्याच महिन्यात 'मला वाचता येतं' असं वाटणारं मूल आणि डिसेंबरपर्यंत नुसती अक्षरं घोकणारं मूल यांच्यात केवढा फरक पडतो ते वर्गात उभं राहिल्यावरच कळतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेचं, जी जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, सगळं लक्ष याच गोष्टीवर आहे: तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब करता यावेत.

त्यात एकाच वर्गातली मुलं एका वयाची नसतात. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे जूनमध्ये एका बाकावर साडेपाच वर्षांची मुलगी आणि शेजारी साडेसहाचा मुलगा. मोठ्यांमध्ये एक वर्ष काहीच नाही. इथे ते आयुष्याचा सहावा हिस्सा आहे. आणि भाषा? दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या शाळेत घरी आगरी बोलणारी, भोजपुरी बोलणारी, विदर्भातली मराठी बोलणारी, कानडी बोलणारी मुलं एकाच वर्गात. शहापूरच्या पाड्यावर कातकरी आणि ठाकर मुलं. पुस्तकातली मराठी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना निम्मी परकी. चांगल्या बाई आधी घरचा शब्द वर्गात येऊ देतात, मग त्याच्या शेजारी पुस्तकातला ठेवतात. पोराला 'असं बोलू नये' म्हटलं की ते बोलायचंच थांबतं.

जिल्हा परिषदेत जाणाऱ्यांनी बहुवर्ग अध्यापनाची तयारी ठेवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यानुसार पहिली ते पाचवीत मिळून साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. वर्ग पाच, शिक्षक दोन. म्हणजे एकाच खोलीत पहिली-दुसरीला चित्रं लावून ठेवायची, तिसरीला गट करून गणित द्यायचं आणि त्याच वेळी दाराशी आलेल्या पालकाशी बोलायचं. हे जमवणाऱ्या शिक्षकांपुढे शहरातल्या वातानुकूलित वर्गातल्या आपण काहीच नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

डी.एल.एड.मध्ये हे पुस्तकातून थोडं आणि शाळेत जास्त शिकायचं असतं. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत घालवायचे असं आहे, त्यातले बरेचसे दुसऱ्या वर्षी. याला आंतरवासिता म्हणतात. त्याआधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे आपल्याच वर्गमैत्रिणींना मुलं समजून पाच-सात मिनिटांचा पाठ. मग सराव पाठ. प्रत्येक पाठाआधी टाचण काढायचं: उद्दिष्ट काय, मुलांना आधी काय येतं, साहित्य कोणतं, प्रश्न कोणते. टाचणाच्या वह्या भरता भरता छात्राध्यापिका वैतागतात, आणि काही जणी मागच्या वर्षीच्या मुलीची वही उतरवून काढतात. उतरवलेलं टाचण दुसऱ्याच मिनिटाला उघडं पडतं. मुलं टाचणात लिहिलेलं उत्तर देतच नाहीत.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण टाळू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. 'छडी लागे छमछम' आता गुन्ह्याकडे जाते. कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्तीचं काम आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं लावू नयेत. 'निवडणुका' या एका शब्दात किती काम मावतं हे मतदार याद्या घेऊन सोसायट्यांचे जिने चढणाऱ्या बाईंना विचारा. आणि २०१२ चा पोक्सो कायदा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण नव्या शिक्षिकेला शाळेच्या नावाची भीती घातली जाते तेव्हा हे कलम आठवलं पाहिजे.

मग करायचं काय?

बारावी झालीय, सरकारी किंवा अनुदानित प्राथमिक शाळा हवीय आणि तीन-चार वर्षं थांबायची घरची तयारी आहे, तर डी.एल.एड., सोबत मुक्त विद्यापीठातून किंवा पदविकेनंतर पदवी, आणि दुसऱ्या वर्षापासूनच टीईटीचा अभ्यास. पदवी झालीय आणि बी.एड. करायचं मनात आहे, पण ओढ पहिलीच्या मुलांकडे आहे, तर बी.एड.ची फी भरण्याआधी पुन्हा विचार करा. लग्नानंतर घराजवळच काम हवंय आणि तीन-चार वर्षांची मुलं आवडतात, तर बालशिक्षणाची दोन वर्षांची पदविका. पगार सावकाश वाढेल हे धरून चाला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवणाऱ्यांना मागणी आहे, कारण २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हा पर्याय आपल्या मुलींच्या सहसा लक्षात येत नाही.

विद्यालय निवडताना इमारत बघू नका. सराव पाठ कुठल्या शाळेत होतात, तिथे खरोखर मुलं असतात का, पाठ चालू असताना मार्गदर्शक वर्गात शेवटपर्यंत बसतात का, हे आत्ता दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखादीला गाठून विचारा. संस्थेचं नाव एनसीटीईच्या मान्यता यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी स्वतः पाहा. कार्यालयात भिंतीवर लावलेली मान्यतेची फ्रेम कुठल्या सालची आहे तेही वाचा. आणि जमलं तर मे महिन्याआधी ओळखीच्या एखाद्या बालवाडीत किंवा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढून आठवडाभर मागच्या बाकावर बसा. सकाळच्या चौथ्या तासाला, मुलं कंटाळलेली असताना, बाई काय करतात ते बघा.